फळीवरच्या बाटल्या : ऑस्ट्रेलियातील वसाहतकार, गुप्त औषधे आणि अफूची दोन नावे

ऑस्ट्रेलियातील जुन्या नाण्यांच्या संग्रहांत तांब्याची एक पेनी हटकून आढळते. तिच्या एका अंगाला एका पुरुषाची अर्धाकृती आणि ‘प्रोफेसर हॉलोवे, लंडन’ ही अक्षरे आहेत; दुसऱ्या अंगाला आसनस्थ आरोग्यदेवता आणि हॉलोवेच्या गोळ्यांचे व मलमाचे नाव. त्यांवर १८५७ आणि १८५८ ही साले कोरलेली आहेत. त्या काळी तिकडच्या वसाहतींत तांब्याच्या सुट्या नाण्यांची मोठी टंचाई होती आणि दुकानदार स्वतःच्या नावाची पेनी-अर्धपेनी पाडून वेळ निभावून नेत. असे बहुतेक नाणेकार स्थानिक वाणी, कापडवाले, लोखंडी सामानाचे व्यापारी असत. हॉलोवे मात्र दहाबारा हजार मैलांवर लंडनला बसलेला होता आणि त्याचा धंदा गोळ्या विकण्याचा. तरीही त्याचा मुखवटा मेलबर्न-सिडनीच्या बाजारांत राणीच्या मुखवट्याशेजारी हातोहात फिरत राहिला. साम्राज्याचा इतिहास शिकताना आपण सनदा, लढाया आणि गव्हर्नर जनरलांच्या याद्या वाचतो. ही पेनी त्या यादीत कोठे बसवायची, हा प्रश्न आम्हांला पडला आणि त्याच्या मागोमाग आम्ही त्या वसाहतींच्या स्वयंपाकघरातील फळीपर्यंत जाऊन पोहोचलो.

टॉमस हॉलोवे (१८००–१८८३) हा कुठल्याही विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. ‘प्रोफेसर’ ही पदवी त्याने स्वतःच स्वतःस बहाल केली होती. १८३७ साली त्याने मलम विकण्यास आरंभ केला, पाठोपाठ गोळ्या आल्या. त्याची खरी प्रतिभा मात्र औषधात नव्हती, ती जाहिरातीत होती. १८४२ मध्ये तो वर्षाला पाच हजार पौंड जाहिरातींवर खर्च करीत होता. अखेरच्या काळात हा आकडा पन्नास हजारांच्या घरात गेला. जगातील नाना भाषांत त्याच्या जाहिराती छापल्या गेल्या. त्या जाहिरातींत रोगांची यादी इंग्रजी वर्णानुक्रमे दिलेली असे, आणि वर्णमालेतील बहुतेक अक्षरांना काही ना काही रोग मिळालेला असे. हिवताप, दमा, पित्त, जलोदर, आमांश, संधिवात, व्रण या सगळ्यांवर गोळी तीच. तिचा मुख्य गुण रेचकाचा होता. या व्यवहारातून साठलेल्या संपत्तीतून हॉलोवेने इंग्लंडात स्त्रियांसाठी एक महाविद्यालय उभारले. १८८६ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याचे उद्घाटन केले आणि आज ते लंडन विद्यापीठाचा भाग आहे. इंग्लंडातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात बॅलरॅटच्या खाणकामगाराच्या पोटदुखीचाही थोडा वाटा आहे, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना मौजेची वाटते.

अशा औषधांना ‘पेटंट औषधे’ म्हणण्याची रूढी पडली असली तरी ती शब्दशः खोटी आहे. पेटंट घ्यायचे तर औषधातील घटक सरकारपुढे उघड करावे लागतात. या विक्रेत्यांना नेमके तेच नको होते. त्यांनी पेटंट घेतले नाही, नावे आणि चिन्हे तेवढी राखली. म्हणून त्यांचे खरे नाव गुप्त औषधे. इंग्लंडमध्ये या औषधांवर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुद्रांकशुल्क होते आणि प्रत्येक बाटलीवर वा डबीवर सरकारी तिकीट चिकटवलेले असे. सरकारने ते केवळ कर वसूल करण्यासाठी लावले; गिऱ्हाइकाने मात्र ते सरकारी मान्यतेचे चिन्ह मानले, आणि विक्रेत्यांनी हा गैरसमज दूर करण्याची कधी घाई केली नाही. उलट, सरकारी तिकिटावर आमचे नाव पाहूनच माल घ्या, अशी सूचना वसाहतींतील वृत्तपत्रांत छापून येई. पुढे १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक काढून या बाटल्या-डब्यांचे रासायनिक पृथक्करणच लोकांपुढे मांडले. बीचमच्या प्रसिद्ध गोळ्यांत कोरफडीचा वाळवलेला रस, म्हणजे आपला काळा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच निघाले. तेरा पेनी आणि अर्धा अशा किमतीला विकल्या जाणाऱ्या छप्पन्न गोळ्यांच्या डबीतील मालाचा खर्च होता पेनीचा आठवा हिस्सा.

एवढ्यावर थांबून ‘लोक भोळे होते, ठक हुशार होते’ असे म्हणणे सोपे आहे. पण त्याने वसाहतकाराचा प्रश्न सुटत नाही. इंग्लंडातल्या गावात त्या गोळ्यांखेरीज दुसरेही काही उपलब्ध होते: शेजारची सुईण, ओळखीचा औषधविक्या, परसातला पाला, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे घरातली म्हातारी. जहाजात चढणाऱ्या तरुण जोडप्याबरोबर ही म्हातारी क्वचितच येई. आपल्याकडे ज्याला आजीबाईचा बटवा म्हणतात, तो बटवा तीन-साडेतीन महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे राहिला. नव्या भूमीवरील झाडपाला या लोकांच्या परिचयाचा नव्हता. ज्यांना तो हजारो वर्षांपासून परिचित होता त्या मूळ रहिवाशांना बहुतेकांनी विचारले नाही. त्यांना कुरणांवरून हाकलण्याचे काम तेव्हा सुरू होते. १८५१ साली व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले आणि तेथील सुमारे ७७ हजार वस्ती दहा वर्षांत सुमारे ५ लाख ४० हजारांवर गेली. तंबूंची गावे, गढूळ पाणी, आमांशाचा कहर, आणि डॉक्टर असलाच तर त्याची फी सोन्याच्या भावात. अशा जागी बाटली पोहोचली. तिच्यावर ओळखीच्या भाषेत सूचना होत्या आणि ती ‘घरून’ आलेली होती. विलायतेला ‘होम’ म्हणण्याची सवय त्या देशात जन्मलेल्यांनाही होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या एकाकीपणाचे सर्वांत कठोर चित्र साहित्यात कोणी काढले असेल तर ते हेन्री लॉसनने. ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ ही त्याची कथा १८९२ साली सिडनीच्या ‘बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध झाली. नवरा गुरे हाकीत महिनोन्‌महिने दूर; दोन खोल्यांच्या झोपडीत बाई, चार मुले आणि एक कुत्रा; जवळची मनुष्यवस्ती एकोणीस मैलांवर. एक साप घराखाली शिरतो आणि बाई रात्रभर जागते, एवढेच कथानक. जागता जागता तिला आठवणी येतात. त्यांतील एक लॉसनने दोनच ओळींत उरकली आहे: ती एकटी असताना तिचे एक मूल दगावते आणि त्या मृत मुलाला घेऊन ती मदतीसाठी एकोणीस मैल घोड्यावरून जाते. आम्ही ही कथा वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थी सापापाशी थांबतात, आम्ही त्यांना या दोन ओळींपाशी थांबवू पाहतो. एकोणीस मैलांचे हे अंतर हाच औषधविक्रेत्यांचा बाजार होता. कथेतील बाईच्या घरी ‘यंग लेडीज जर्नल’ येते आणि त्यातील वेशभूषेची चित्रे पाहणे हा तिचा एकमेव विरंगुळा असतो. सुखवस्तू घरातील पोशाखांचे चित्र आणि मूल वाचवण्याचे आश्वासन या दोन्ही गोष्टी तिच्यासारखीच्या हाती यायच्या त्या छापील कागदातूनच.

हेन्री हँडल रिचर्डसन या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ‘द फॉर्च्युन्स ऑफ रिचर्ड महोनी’ (१९१७–१९२९) ही कादंबरीत्रयी या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिचा नायक एडिंबरोचा पदवीधर डॉक्टर. पण बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर तो प्रथम भेटतो तो दुकानदार म्हणून. लेखिकेने ही गोष्ट स्वतःच्या वडिलांच्या चरित्रावरून उचलली आहे. डॉक्टर माल विकतो आणि माल विकणारा ‘प्रोफेसर’ रोग बरे करतो, अशी ही उफराटी सृष्टी. लेखिकेने तिच्यात विनोद न पाहता एका माणसाचा ऱ्हास पाहिला, हे तिचे मोठेपण.

आता ज्या बाटलीकडे आम्हांला विशेष लक्ष वेधायचे आहे तिच्याकडे वळू. तिचे नाव क्लोरोडाइन. ही बाटली इंग्लंडची म्हणून विकली गेली तरी तिचे मूळ आपल्याकडचे आहे. जॉन कॉलिस ब्राउन हा भारतातील ब्रिटिश सैन्यात शल्यवैद्य होता आणि १८४८ च्या सुमारास त्याने येथे पटकीवर उपाय म्हणून हे मिश्रण बनवले. अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेच्या वनस्पतीचा अर्क हे त्याचे मुख्य घटक. यांतील भांग पाश्चात्त्य वैद्यकात आणली ती कलकत्त्याच्या डॉ. ओशॉनेसीने, १८३९ मध्ये, येथील वैद्य-हकिमांच्या वापराचा अभ्यास करून. १८५६ साली ब्राउनने विक्रीचे हक्क लंडनच्या डॅव्हनपोर्ट या औषधविक्याला दिले आणि मग या बाटलीने सर्व वसाहती पालथ्या घातल्या. नकला इतक्या निघाल्या की खरा जनक कोण, हा वाद १८६४ मध्ये न्यायालयात गेला, आणि मग त्या खटल्याचाच उपयोग जाहिरातीत होऊ लागला. त्याच सुमारास मनिलाच्या ब्रिटिश वकिलाने पटकीवर क्लोरोडाइनचाच काय तो उपयोग झाला असे कळवल्याची बातमीही, परराष्ट्रमंत्री अर्ल रसेल यांच्या नावासह, वर्षानुवर्षे छापली गेली.

क्लोरोडाइन फसवे होते असे म्हणता येणार नाही. त्याचा गुण येई. अफूने जुलाब थांबतात, खोकला दबतो, वेदना शमते, झोप लागते. बीचमची गोळी निरर्थक होती, पण निरुपद्रवी होती. क्लोरोडाइनचे थेंब मोजताना चूक झाली की माणूस दगावे आणि चूक झाली नाही तरी सवय जडे. अमेरिकेतील ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ नावाचे बाळांचे औषध १८४९ पासून विकले जाई आणि त्याच्या जाहिराती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वृत्तपत्रांत सर्रास असत. दात येणाऱ्या, किरकिरणाऱ्या बाळाला ते शांत करी. त्यात मॉर्फिन होते. जाहिरातीत मॉर्फिनचा उल्लेख नसे. असे ते एका अनुभवी दाईचे आणि सर्व मातांचे नाव. म्हणजे जी म्हातारी जहाजात आली नव्हती ती बाटलीवरील नावाच्या रूपाने आली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९११ मध्ये या औषधाची गणना बालघातक औषधांत केली, तोवर दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आयाही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. दोन्हीकडे कारण एकच होते: आईला काम होते आणि मूल सांभाळणारे कोणी नव्हते. फरक असा की, बाळगोळी देणाऱ्या आईला अधिकाऱ्यांच्या अहवालांत अज्ञानी म्हटले गेले, तर सिरप देणाऱ्या आईला जाहिरातीत सुज्ञ.

जाहिरातींचे वाङ्मयीन रूप पाहू लागलो की सर्वांत लक्षणीय वाटतात ती प्रशस्तिपत्रे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रे खुली केल्यापासून ती हजारोंनी वाचता येतात, आणि काही दिवस ती वाचत राहिले की त्यांचा साचा पाठ होतो. पत्र लिहिणारी व्यक्ती प्रथम आपले नाव-गाव सांगते. मग किती वर्षे कोणते दुखणे सोसले ते सांगते. मग डॉक्टर झाले, नाना उपाय झाले, आशा सुटली. मग एका शेजारणीने वा वृत्तपत्राने या औषधाचे नाव सांगितले. प्रथम विश्वास बसला नाही. एक बाटली घेतली, थोडे बरे वाटले. तीन बाटल्यांनी पुरते बरे केले. आता घरची सारी कामे करते. हे पत्र हवे तर छापा. मराठी वाचकाला हा साचा ओळखीचा वाटेल. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांची बांधणी अशीच असते. दुःख, अव्हेर, कोणीतरी सांगितलेला वसा, तो नेमाने पार पाडणे आणि शेवटी फळ. वसा मध्येच टाकला तर काय होते तेही कहाणी सांगते. जाहिरातीतील बाईही एखाद्या वेळी बाटली मध्येच बंद करते आणि दुखणे उलटते. हे साम्य कुणी कुणाचे उचलल्यामुळे आलेले नाही. श्रद्धेला पटण्यासाठी जी क्रमवारी लागते ती दोन्हीकडे सारखी आहे, असे फार तर म्हणता येईल.

ही पत्रे खरी होती काय? काही कंपन्यांच्या कचेरीत रचलेली असणार, काही पैसे वा फुकट बाटल्या देऊन मिळवलेली. पण सगळीच तशी मानण्याचे कारण नाही. आणि खरी असोत की रचलेली, एक गोष्ट उरतेच. खाणकामगाराची बायको, मेंढपाळ, धोबीण, रेल्वेचा फाळकूट कामगार यांचे पाठीचे दुखणे, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, रात्रीची झोप उडणे या विषयांना त्या काळच्या वृत्तपत्रांत अन्यत्र जागा नव्हती. संपादकीयात राज्यकारभार, बातम्यांत लोकरीचे भाव. शरीर मात्र जाहिरातीत. सामान्य वसाहतकार स्त्रीचे प्रथमपुरुषी गद्य शोधणाऱ्याने या स्तंभांकडे नाक मुरडून चालणार नाही. अर्थात ते गद्य तिला एकाच अटीवर मिळाले: शेवटचे वाक्य बाटलीचे असले पाहिजे.

फळीवर आणखीही पुष्कळ काही होते. उडॉल्फो वुल्फ याची ‘श्नाप्स’ म्हणजे साधी जिन. पण ती मूत्रपिंडाचे औषध म्हणून विकली जाई, आणि मद्य वर्ज्य मानणाऱ्या घरातही तिला प्रवेश असे. तिच्या बाटल्या ऑस्ट्रेलियातील जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत सापडतात. रॉचेस्टरच्या वॉर्नरने आपल्या ‘सेफ क्युअर’च्या बाटलीवर लोखंडी तिजोरीचे चित्र उठवले आणि १८८७ मध्ये मेलबर्नला शाखा काढली. इनोचे फ्रूट सॉल्ट, पेअर्सचा साबण, सनलाइटची वडी, मांसाचा अर्क हे सारे त्याच जहाजांतून उतरत होते. यांतील काही नावे आपल्या घरांतही स्थिरावली; इनो आणि वुडवर्ड्सचे ग्राइप वॉटर आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. आणखी एका बाटलीची मात्र थोडी थांबून ओळख करून घ्यायला हवी, कारण ती उलट दिशेने गेली. जोसेफ बॉसिस्टो हा इंग्लंडातून आलेला औषधविक्या. त्याने १८५० च्या दशकात मेलबर्नजवळ तेथील उंच सुगंधी झाडांच्या पानांपासून तेल गाळण्याचा पहिला व्यापारी कारखाना घातला आणि पुढे ते तेल जगभर गेले. या पानांचा तापावर उपयोग तेथील मूळ रहिवासी पूर्वापार करीत होते. बाटलीवर त्यांचा उल्लेख नाही, पोपटाचे चित्र आहे. आपल्याकडे ही झाडे एकोणिसाव्या शतकात उटीच्या परिसरातील डोंगरांवर लावली गेली आणि त्या डोंगरांवरून आपण तेलाचे नाव ठेवले: निलगिरी. एका वनस्पतीचे पहिले नाव दोनदा पुसले गेल्याचे हे उदाहरण. आणि दुसऱ्या वेळी ते पुसण्यात आपणही आहोत.

१९०१ साली वसाहतींचे मिळून एक राष्ट्रकुल झाले आणि फळीवरच्या बाटल्या हा राष्ट्राचा प्रश्न बनला. १९०७ मध्ये गुप्त औषधे आणि खाद्ये यांवरील शाही आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. या आयोगाचा एकमेव सदस्य होता ऑक्टेव्हियस बील, सिडनीचा पियानो-कारखानदार. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या उन्हाळ्यात विलायती पियानोचे सूर उतरत. त्यावर तोड म्हणून त्याने लोखंडी बैठकीची रचना केली होती. विलायतेचा सूर या हवेत टिकवणे हाच त्याचा धंदा होता आणि त्याच्या अहवालाची चिंताही काहीशी तीच आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. बीलने अफाट साहित्य गोळा केले. अफू आणि मद्य भरलेल्या बाळ-औषधांविषयीचा त्याचा संताप खरा आहे आणि आजही वाचकाला स्पर्श करतो. पण त्याला तितकाच, किंबहुना अधिक, राग होता तो ‘स्त्रियांच्या अनियमितते’वरील गोळ्यांचा. हा शब्दप्रयोग जाहिरातीत निरुपद्रवी दिसे. वाचणारीला मात्र कळे की गर्भ पाडण्याचे साधन विकले जात आहे, किंवा निदान तसे भासवले जात आहे. १९०३-०४ मध्ये न्यू साउथ वेल्सने घटत्या जन्मदरावर एक आयोग नेमला होता, त्याचाही बील सदस्य होता. त्या आयोगाने स्त्रियांच्या स्वार्थाला दोष दिला होता. बीलच्या पुढच्या ग्रंथाचे (१९१०) नावच ‘रेशल डिके’, म्हणजे वंशाचा ऱ्हास, असे आहे. विशाल भूमी, मूठभर गोरे, उत्तरेला आशिया: या भयातून त्याला प्रत्येक बाटलीत एक न जन्मलेला गोरा मुलगा दिसत होता. सात-आठ बाळंतपणांनी खचलेल्या बाईला त्या बाटलीत काय दिसत असेल, हे विचारण्याची गरज त्याला वाटली नाही.

आणि ज्यांची मुले याहून कितीतरी अधिक प्रमाणात मरत होती, ते लोक या मोजणीतच नव्हते. १९०१ च्या राज्यघटनेतील कलम १२७ प्रमाणे राष्ट्रकुलाच्या लोकसंख्येची गणना करताना मूळ रहिवाशांना धरायचे नव्हते. १९६७ च्या सार्वमताने ते कलम गेले.

अफूच्या कायद्यांकडे पाहिले की हा भेद स्पष्ट दिसतो. १ जानेवारी १९०६ पासून ऑस्ट्रेलियात ओढण्याच्या अफूची आयात बंद झाली. ही बंदी चिनी रहिवाशांच्या विरोधातील वर्षानुवर्षांच्या चळवळीचे फळ होते. ‘चंडोलखाना’ हा तेथील वृत्तपत्रांचा आवडता विषय, गोऱ्या मुलींना भुलवून नेणारा चिनी हे त्यातील ठरीव पात्र. औषधातील अफूला मात्र ही बंदी लागू नव्हती. मजकूर असा निघाला की, जे चिलमीतून जाते ते व्यसन आणि जे चमच्यातून जाते ते औषध. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकाच्या आरंभी क्लोरोडाइनवर ‘विष’ अशी चिठ्ठी लावणे न्यायालयीन निर्णयाने भाग पडले, तरी फळीवरची त्याची जागा हलली नाही. सभ्य घरातील बाई दिवसाकाठी बाटली संपवू लागली तरी तिच्या घरावर पोलिसांनी धाड घातली नाही. ती ‘आजारी’ होती. तिच्या वाट्याला सहानुभूती आली याबद्दल आमची तक्रार नाही. तीच सहानुभूती सिडनीच्या गल्लीतल्या एकट्या, म्हाताऱ्या चिनी सुताराला का मिळाली नाही, एवढेच विचारायचे आहे. वसाहतवादोत्तर समीक्षा आमच्या विद्यार्थ्यांना ज्या ‘द एम्पायर राइट्स बॅक’ (१९८९) या ग्रंथातून शिकवली जाते त्याचे तिन्ही कर्ते ऑस्ट्रेलियन विद्यापीठांतले आहेत. पण आपल्या वर्गात ‘वसाहत’ म्हटले की भारतासारखी राज्य केलेली भूमी तेवढी डोळ्यांपुढे येते. वस्ती करून बळकावलेली भूमी आणि तीवर राहणारे साधे, कष्टाळू, स्वतःही अनेकदा लुबाडले गेलेले लोक आपल्या चित्रात येत नाहीत. बाटलीवाल्याने फसवलेला खाणकामगार आणि चिन्यांचे तंबू जाळणाऱ्या जमावातला खाणकामगार हा एकच माणूस असू शकतो. तो समजावून घ्यायला आपल्या पारिभाषिक संज्ञा तूर्त अपुऱ्या आहेत, असे आमचे मत आहे.

क्वीन्सलंडचा १८९७ चा कायदा याही पुढे गेला. त्याच्या नावातच मूळ रहिवाशांचे संरक्षण आणि अफूच्या विक्रीवर निर्बंध या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. चिलमीत उरलेली अफूची राख मजुरीच्या मोबदल्यात मूळ रहिवाशांना दिली जात होती आणि तिने माणसे खंगत होती, हे खरे होते. उपाय म्हणून सरकारने मालकांना वा विक्रेत्यांना वेसण घातली असती तर ते समजण्यासारखे होते. कायद्याने मूळ रहिवाशांनाच ‘संरक्षक’ अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले. त्यांना कोठे राहायचे, कोणाकडे काम करायचे, हे अधिकारी ठरवू लागले; माणसांना उचलून राखीव वसाहतींत नेऊन ठेवता येऊ लागले, आणि तसे पिढ्यान्‌पिढ्या केले गेले. ज्या अफूसाठी एका घरात चमचा पुसून ठेवला जात होता, तिच्या नावाने दुसरी घरे उठवली गेली.

या लोकांचा फळीवरच्या बाटलीशी आणखी एक संबंध आला. वायव्येकडील किंबर्ली प्रदेशात दगडाची अतिशय नाजूक, दातेरी भालाग्रे घडवण्याची परंपरा होती. गोऱ्यांच्या वस्तीबरोबर रिकाम्या बाटल्या येऊ लागल्या आणि कारागिरांनी त्यांचे जाड बूड दगडासारखेच तासायला घेतले. हिरव्या-तपकिरी काचेची ही भालाग्रे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ऑस्ट्रेलियाबाहेरील अनेकांनी त्या लोकांची म्हणून पाहिलेली ही एकमेव वस्तू असेल. काचेत कधीकाळी मद्य होते की औषध, हे घडवणाऱ्याला महत्त्वाचे नव्हते. काच जाड आणि निर्दोष हवी होती.

क्वीन्सलंडचा तो कायदा १९३९ साली रद्द होऊन त्याच्या जागी दुसरा आला. नव्या कायद्याच्या नावात अफूचा उल्लेख राहिला नाही. माणसांना उचलून नेण्याचे अधिकार कायम राहिले.